युरोपा-पार्कमधला पहिला दिवस कसा आखावा

जर्मनीच्या नैर्ऋत्य भागात, ऱ्हाइन नदी आणि फ्रान्सची सीमा यांच्या अगदी जवळ, रुस्ट नावाचे छोटे गाव आहे. या गावातील युरोपा-पार्क हे जर्मनीतील सर्वांत मोठे थीम पार्क असून तेथे वर्षाकाठी साठ लाखांच्या आसपास लोक येतात. श्टुटगार्ट, कार्ल्सरूह, मानहाइम या पट्ट्यात नोकरीनिमित्त आलेल्या पुण्या-मुंबईच्या कुटुंबांकडे उन्हाळ्याच्या सुट्टीत नातेवाईक आले, की स्वित्झर्लंडच्या जोडीने या पार्कचे नाव हमखास निघते. एका बाजूला जगभर नावाजलेले रोलर कोस्टर आणि दुसऱ्या बाजूला युरोपातील पंधराहून अधिक देशांच्या नावाने उभारलेले विभाग, असा दुहेरी मामला असल्यामुळे पहिल्यांदा जाणाऱ्यांचा दिवस कोठे सुरू करावा आणि कोठे संपवावा यातच गोंधळ उडतो.

आखणीचे मुख्य सूत्र आधीच सांगून ठेवतो. कोस्टरवर किती वेळ जाणार हे रांग ठरवते, तर देशांचे विभाग किती वेळात पाहायचे हे आपण ठरवू शकतो. म्हणून सकाळचे पहिले दोन तास आणि संध्याकाळचा शेवटचा तास कोस्टरसाठी राखावा आणि मधला सगळा दिवस विभाग, खेळ आणि जेवण यांना द्यावा. बहुतेक नवखे नेमके उलटे करतात. प्रवेशद्वारातून आत येताच छायाचित्रे काढत, दुकाने पाहत रमतगमत चालतात आणि अकराच्या सुमारास पहिल्या मोठ्या कोस्टरपाशी पोहोचतात. तोपर्यंत तेथे तासाभराची रांग लागलेली असते.

पार्कची थोडी ओळख

ब्लॅक फॉरेस्ट या डोंगराळ जंगलपट्ट्याच्या पायथ्याशी असलेल्या वाल्डकिर्श गावात माक कुटुंबाचा १७८० पासून गाड्या बांधण्याचा व्यवसाय आहे. घोडागाड्यांपासून सुरुवात करून ते पुढे सर्कस आणि जत्रेतील फिरत्या लोकांसाठी वॅगन व पाळणे बनवू लागले. १९७२ मध्ये फ्रान्झ माक आणि त्यांचा मुलगा रोलांड अमेरिकेतील पार्क पाहून आले आणि आपल्या कारखान्याचा माल गिऱ्हाइकाला चालू स्थितीत दाखवता येईल अशी एखादी कायमची जागा असावी, असे त्यांनी ठरवले. १२ जुलै १९७५ रोजी रुस्ट येथील जुन्या गढीच्या बागेत हे पार्क सुरू झाले. १४४२ मध्ये बांधलेली ती बाल्थाझार गढी आजही पार्कच्या आत आहे. ‘देश’ ही कल्पना मागाहून आली. इटलीचा विभाग १९८२ मध्ये झाला आणि त्यानंतर एकेक देश जोडला गेला. हा इतिहास ठाऊक असला, की पार्कचा स्वभाव चटकन कळतो. यंत्रे बनवणाऱ्यांनी उभारलेले हे पार्क असल्यामुळे राइड सहसा चोख चालतात, रांगा शिस्तीत पुढे सरकतात आणि सजावट प्रत्येक विभागात त्या यंत्राच्या आधाराने उभी राहते.

पहिली पायरी: दिवस निवडणे

महाराष्ट्रातील शाळांची उन्हाळी सुट्टी आणि जर्मनीतील सुट्ट्यांची दिनदर्शिका शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय तिकीट काढू नये. मे आणि जूनमध्ये येथे ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाचा गुरुवार, पेंटेकोस्टचा सोमवार आणि कॉर्पस क्रिस्टीचा गुरुवार अशा सुट्ट्या येतात. गुरुवारच्या सुट्टीला शुक्रवार जोडून चार दिवस बाहेर पडण्याची सर्वांनाच सवय आहे. त्यातच बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यातील शाळांना पेंटेकोस्टच्या सुमारास दोन आठवड्यांची सुट्टी असते. पाहुणे मेमध्ये येणार असतील, तर या सुट्ट्यांच्या आधीचा एखादा मंगळवार किंवा बुधवार सर्वांत चांगला. स्वित्झर्लंड आणि फ्रान्स येथूनही मोठ्या संख्येने लोक येत असल्यामुळे त्या देशांच्या सुट्ट्याही पाहाव्यात.

दिवाळीच्या सुट्टीत येणाऱ्यांना येथे हॅलोविनचा हंगाम भेटतो. सप्टेंबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत भोपळे, गवताच्या पेंढ्या आणि शेवंतीची फुले यांनी पार्क भरून जाते. दृश्य देखणे असते, पण त्या दिवसांतील शनिवार-रविवार आणि १ नोव्हेंबरच्या आसपासचे दिवस टाळलेले बरे. नोव्हेंबरच्या अखेरीस हिवाळी हंगाम सुरू होतो आणि जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत चालतो. २४ आणि २५ डिसेंबरला पार्क बंद असते. हिवाळ्यात पाण्याच्या राइड बंद असतात आणि थंडी फार असेल तर काही कोस्टरही थांबवले जातात, त्यामुळे केवळ कोस्टरसाठी जाणाऱ्याने तो काळ निवडू नये.

तिकीट आणि ॲप

तिकीट विशिष्ट तारखेचे असते व ते ऑनलाइन आधीच काढावे लागते. दर दिवसागणिक बदलतो आणि प्रौढांसाठी तो साधारणपणे साठ युरोंच्या पुढे जातो. चार वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही. शेजारचे रुलांटिका हे पाण्याचे पार्क २०१९ मध्ये सुरू झाले असून त्याचे तिकीट वेगळे आहे. दोन्ही एका दिवसात उरकण्याचा बेत करू नये.

पार्कचे ॲप घरूनच फोनवर उतरवून घ्यावे. त्यात प्रत्येक राइडची चालू रांग किती मिनिटांची आहे हे दिसते, खेळांच्या वेळा दिसतात आणि काही निवडक राइडसाठी ‘व्हर्च्युअल लाइन’ ही विनामूल्य सोय मिळते. तिच्यात प्रत्यक्ष रांगेत उभे न राहता वेळ राखून ठेवता येते आणि तोवर दुसरीकडे फिरता येते. दिवसभर फोन वापरात राहत असल्यामुळे पॉवर बँक सोबत ठेवावी.

रुस्टला पोहोचणे

रेल्वेने येणाऱ्यांसाठी कार्ल्सरूह–बाझेल मार्गावरील रिंग्सहाइम हे स्थानक आहे. तेथून पार्कच्या दारापर्यंत बस जाते. डॉइचलांडटिकेट हे देशभर चालणारे मासिक तिकीट असेल तर प्रादेशिक गाड्यांना ते चालते, मात्र आयसीई या लांब पल्ल्याच्या जलद गाडीत चालत नाही. चार-पाच जणांच्या गटाला राज्यभर चालणारे बाडेन-वुर्टेम्बर्ग तिकीट स्वस्त पडते, पण त्यात एक मेख आहे. सोमवार ते शुक्रवार ते सकाळी नऊनंतरच लागू होते आणि पार्क तर नऊला उघडते. म्हणजे आठवड्यातील गर्दी नसलेला दिवस निवडून याच तिकिटावर निघालात, तर सकाळचे ते मोलाचे दोन तास गाडीतच जातील. अशा वेळी डॉइचलांडटिकेट किंवा साधे तिकीट घ्यावे, अथवा आदल्या रात्री रुस्ट किंवा रिंग्सहाइममध्ये मुक्काम करावा. पार्कची स्वतःची हॉटेले सुंदर आहेत, पण महाग आहेत. आजूबाजूच्या गावांत घरगुती राहण्याची सोय पुष्कळ आहे.

मोटारीने येणाऱ्यांसाठी ए५ महामार्गावर रुस्टला उतरण्याचा स्वतंत्र रस्ता आहे. गर्दीच्या दिवशी शेवटच्या दोन-तीन किलोमीटरलाच वेळ जातो, तेव्हा साडेआठपर्यंत वाहनतळावर असावे.

पहिले दोन तास

कोस्टर बरेच आहेत. पहिल्या भेटीत त्यांपैकी चार नीट अनुभवले तरी दिवस सार्थकी लागतो.

फ्रान्सच्या विभागातील सिल्व्हर स्टार २००२ चा आहे. त्याची उंची ७३ मीटर असून वेग ताशी १२७ किलोमीटरपर्यंत जातो. खोपोलीजवळच्या इमॅजिकातील नायट्रो ज्या स्विस कंपनीने बनवला, त्याच बॉलिगर अँड माबिलार्डचा हा कोस्टर आहे. मात्र दोघांची जात वेगळी आहे. नायट्रो सुमारे ४० मीटर उंच असून प्रवाशाला उलटेसुलटे फिरवतो, तर सिल्व्हर स्टार एकदाही उलटा करत नाही. तो एकामागून एक उंच टेकाडांवरून नेतो आणि प्रत्येक टेकाडाच्या माथ्यावर अंग आसनावरून उचलले जाते. खांद्यावरून येणारा पट्टा येथे नसतो. मांड्यांवर टेकणारा एकच दांडा असतो, कर्मचारी तो हाताने ओढून पाहतो आणि मगच गाडी सुटते. पोट एवढ्यासाठीच हलके ठेवावे.

क्रोएशियाच्या विभागातील व्होल्ट्रॉन नेव्हेरा २६ एप्रिल २०२४ रोजी सुरू झाला. आजच्या क्रोएशियातील स्मिल्यान गावी जन्मलेल्या निकोला टेस्ला यांच्याभोवती त्याची कथा गुंफली आहे. त्यात सात उलट्या कोलांट्या आणि विद्युत चुंबकांनी गाडीला एकदम पुढे ढकलणारे चार धक्के आहेत. त्यांपैकी एक धक्का उभ्या रेषेच्याही पलीकडे झुकलेल्या, १०५ अंशांच्या चढावर मिळतो. हा माक कारखान्याचाच कोस्टर आहे आणि सध्या सर्वांत लांब रांग बहुधा येथेच असते. आइसलँडमधील ब्लू फायर (२००९) हाही माकचाच. त्यात साखळीने वर खेचण्याचा भाग नाही. रुळांलगतची विद्युत चुंबके गाडीला अडीच सेकंदांत शून्यावरून ताशी १०० किलोमीटरवर नेतात. शेजारचा वोडान हा २०१२ चा लाकडी कोस्टर आहे. तो ४० मीटर उंच असून ताशी १०० किलोमीटरच्या वेगाने धावतो.

क्रम कसा लावावा? दार उघडताच बहुतेक लोक व्होल्ट्रॉनकडे धावतात, तर काही जण प्रवेशद्वारापासून जवळ असलेल्या सिल्व्हर स्टारकडे वळतात. तुम्ही अगदी पहिल्या लोंढ्यात असाल, तर आधी व्होल्ट्रॉन करून घ्यावा. पंधरा-वीस मिनिटे उशीर झाला असेल, तर तो नाद सोडून थेट आइसलँड गाठावे आणि ब्लू फायर व वोडान लागोपाठ करावेत. हे दोन्ही एकमेकांना खेटून असल्यामुळे मध्ये वेळ जात नाही. व्होल्ट्रॉनसाठी मग एकट्या प्रवाशांची वेगळी रांग वापरावी. या रांगेतून कोठेही रिकामे राहिलेले एखादे आसन भरले जाते, त्यामुळे कुटुंबातील माणसे वेगवेगळ्या डब्यांत बसतात, पण वेळ खूप वाचतो. पुढेमागे बसण्यावरून घरात वाद नको असतील तर ही रांग उत्तमच.

आसनाविषयी एक बाब लक्षात ठेवावी. गाडीचा पुढचा भाग उतार लागताच मागच्या डब्यांना ओढू लागतो, म्हणून शेवटचा डबा माथ्यावरून अधिक वेगाने खेचला जातो आणि तेथे तरंगण्याची भावना जोरात येते. पहिल्या डब्यात दृश्य आणि वारा अधिक मिळतो. पहिल्यांदा बसणाऱ्याने मधला डबा घ्यावा.

उंची, वय आणि पदर

जर्मनीत उंचीबाबत सवलत मिळत नाही, विनवणी करून तर अजिबात नाही. सिल्व्हर स्टारसाठी किमान १४० सेंटीमीटर, ब्लू फायरसाठी १३० आणि वोडानसाठी १२० उंची लागते. उंचीबरोबरच किमान वयाचीही अट असते आणि ती प्रत्येक राइडच्या दारातील फलकावर लिहिलेली असते. मुलांची उंची घरीच, पादत्राणे काढून मोजावी आणि कोणत्या राइड मिळणार नाहीत ते आदल्या दिवशीच त्यांना सांगून टाकावे. रांगेत तासभर उभे राहून दारातून परत फिरणाऱ्या आठ वर्षांच्या मुलाची समजूत घालणे सोपे नसते. हृदयविकार, मणक्याचा त्रास किंवा गर्भारपण असेल तर मोठे कोस्टर वर्ज्यच समजावेत.

कपड्यांबाबत आपल्याकडच्या पाहुण्यांना काही गोष्टी स्पष्ट सांगाव्या लागतात. ओढणी, पदर, स्कार्फ असे लोंबते काही कोस्टरवर चालत नाही, म्हणून त्या दिवशी सलवार-कुडता किंवा पँट आणि बूट हेच बरे. मंगळसूत्र आत सरकवावे व लांब कानातले काढून ठेवावेत. चष्मा असेल तर मागून बांधायची दोरी घ्यावी. खिशातील फोन, किल्ल्या आणि पासपोर्ट चेन असलेल्या पिशवीत घालून ती पिशवी लॉकरमध्ये किंवा खाली थांबलेल्या माणसाकडे द्यावी. फ्रान्सची सीमा जवळ असल्यामुळे परदेशी नागरिकांनी पासपोर्ट आणि निवास परवाना सोबत ठेवलेला बरा.

दुपार: देशांचा फेरफटका

अकरानंतर रांगा वाढल्या की कोस्टरकडे पाठ फिरवावी. या वेळी पार्कभर फिरणारी ईपी-एक्स्प्रेस ही उंचावरील गाडी पकडून एक फेरी मारावी. कोणता विभाग कोठे आहे हे त्यातून नकाशापेक्षा लवकर कळते आणि पायही वाचतात.

हे विभाग म्हणजे त्या देशांची खरी ओळख असे मानून जाऊ नये. ती देखणी भेटकार्डे आहेत आणि तशीच पाहावीत. तरीही काही ठिकाणी थांबण्याजोगे बरेच आहे. ग्रीसच्या विभागात मिकोनोस बेटाच्या धर्तीची पांढरी घरे आणि पवनचक्की आहे. तेथील पोसायडन हा २००० चा कोस्टर अर्धा रुळांवर आणि अर्धा पाण्यावर चालतो, उन्हाळ्यात दुपारी तो बरा वाटतो. इंग्लंडमध्ये लंडनच्या ग्लोब नाट्यगृहाची प्रतिकृती असून तेथे प्रयोग होतात. स्पेनमध्ये घोड्यांचे खेळ चालतात. स्कँडिनेव्हियात नॉर्वेच्या लाकडी चर्चची प्रतिकृती आहे, तिच्या छताच्या एकावर एक चढत गेलेल्या उतरंडी जवळ जाऊन पाहण्यासारख्या आहेत. खेळांच्या वेळा ठरलेल्या असतात, म्हणून ॲपमधून दोन खेळ निवडून त्यांच्याभोवतीच दुपार आखावी. त्याहून अधिक निवडले की धावपळ होते.

नेदरलँडच्या विभागातील ‘पायरेट्स इन बटाव्हिया’ ही बोटीतून फिरण्याची राइड १९८७ ची आहे. २६ मे २०१८ रोजी लागलेल्या आगीत ती जळाली आणि पुन्हा उभारून जुलै २०२० मध्ये खुली झाली. बटाव्हिया म्हणजे आजचे जाकार्ता, डचांचे आशियातील मुख्य ठाणे. याच डचांची सतराव्या शतकात आपल्या वेंगुर्ल्याला वखार होती. पोर्तुगालच्या विभागात अटलांटिका ही मोठी पाणउडी दर्यावर्द्यांच्या तटबंदीत बसवली आहे. या दोन्ही विभागांत समुद्रप्रवासाचे साहस तेवढे दिसते. वसई आणि गोवे पाहिलेल्या मराठी माणसाला त्या सजावटीतून काय गाळले आहे हे लगेच जाणवेल आणि मुलांना तेवढे सांगायला बोटीतील अंधाराचा वेळ पुरेसा आहे. अटलांटिकातून बाहेर पडताना भिजणे आले, तेव्हा मुलांचा कपड्यांचा एक जोड पिशवीत ठेवावा.

आजी-आजोबा आणि लहान मुले

ज्येष्ठांसाठी या पार्कमध्ये आपल्याला वाटते त्यापेक्षा बरेच काही आहे, अट एवढीच की त्यांना कोस्टरच्या दाराशी तासन् तास बसवून ठेवू नये. प्रवेशद्वाराजवळचे व्होलेटेरियम (२०१७) हे उडते चित्रगृह त्यांना नक्की दाखवावे. भव्य पडद्यासमोर आसने अधांतरी लटकतात आणि युरोपावरून उडाल्याचा भास होतो. इमॅजिकातील भारतदर्शनाची अशी राइड ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. येथील रांग सकाळी लवकर किंवा संध्याकाळी कमी असते. त्याखेरीज बटाव्हियाची बोट, जुनी गढी आणि तिच्याभोवतीची बाग यांत त्यांचा वेळ मजेत जातो. लहान मुलांसाठी आयर्लंडचा विभाग आणि ग्रिम बंधूंच्या परीकथांचे वन आहे. मुलांच्या पहिल्यावहिल्या कोस्टरसाठी आयर्लंडमधील मेंढ्यांचा बा-आ-आ एक्स्प्रेस (२०१६) अगदी योग्य आहे.

जेवण

घरून डबा नेता येतो आणि मराठी कुटुंबाने तो न्यावाच. पोळीचे रोल, मेथीचे ठेपले, दहीभाताचा डबा आणि एखादी चटणी एवढ्यावर दुपार निभावते. बागेत बसायला बाकेही पुष्कळ आहेत. आतील उपाहारगृहांत शाकाहारी पदार्थ मिळतात, फक्त विचारून घ्यावे. केझेश्पेट्झले हा चीजचा पदार्थ मांसविरहित असला तरी त्याच्या पिठात अंडे असते. फ्लामकूखन या पातळ भाकरीसारख्या पदार्थावर सहसा डुकराच्या मांसाचे तुकडे असतात, म्हणून ‘ओने श्पेक’ असे सांगून त्याशिवायचा मागावा. मुलांच्या आवडीच्या रंगीत गोळ्यांमध्ये बहुधा जिलेटिन असते. बटाट्याच्या काप-तळणीत अडचण नाही आणि इटलीच्या विभागात साधा पिझ्झा हमखास मिळतो. बाराच्या आधी किंवा दोननंतर जेवावे.

शेवटचा तास

पाच वाजल्यानंतर लांबून आलेले लोक परतू लागतात आणि रांगा झपाट्याने आखूड होतात. पार्क किती वाजता बंद होणार हे हंगामानुसार बदलते, ते सकाळीच पाहून ठेवावे. सकाळी राहून गेलेला कोस्टर आता घ्यावा. वोडान मुद्दाम या वेळेसाठी राखणारेही अनेक असतात. दिवसभर धावून चाके आणि रुळांवरील वंगण तापलेले असल्यामुळे लाकडी कोस्टर संध्याकाळी अधिक वेगाने जातो आणि हा फरक सकाळी बसलेल्याला सहज कळतो. जोराचा वारा किंवा विजांचा कडकडाट असला की उंच कोस्टर थांबवले जातात. ब्लॅक फॉरेस्टकडून उन्हाळ्यात दुपारनंतर वादळे येतात. त्यामुळे हवामानाचा अंदाज वाईट असेल, तर संध्याकाळची वाट न पाहता सिल्व्हर स्टार सकाळीच उरकावा.

निघताना स्मृतिवस्तूंच्या दुकानांत गर्दी उसळते, म्हणून खरेदी दुपारी करून लॉकरमध्ये ठेवलेली बरी. रिंग्सहाइमला जाणाऱ्या बसची वेळ आणि पुढच्या गाडीची वेळ दोन्ही एकत्र पाहून मगच शेवटच्या रांगेत उभे राहावे. स्थानक लहान आहे, गाडी चुकली तर रात्री तेथे पाहुण्यांना बसवायला फारशी सोय नाही.